कंपनी चालू आहे ना?

दर रविवारी पुण्याहून बाबांचा फोन येतो. पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. जेवलास का, आणि कंपनी चालू आहे ना.

दुसऱ्या प्रश्नातली कंपनी म्हणजे मी नोकरी करतो ती नव्हे. तिची त्यांना काळजी नाही. सॉफ्टवेअरवाल्याला कुठेही काम मिळतं असं त्यांचं मत आहे, आणि सध्याच्या दिवसांत ते मत किती जुनं झालंय हे मी त्यांना सांगायला जात नाही. ते विचारतात ती कंपनी मी राहतो त्या केंब्रिजपासून तास-सव्वा तासावर, नॉरफकमधल्या हेथेल नावाच्या गावाजवळ आहे. तिचं नाव लोटस. तिथे २००२ साली तयार झालेली एक एलीस माझ्या दारात उभी असते. दोन वर्षांपूर्वी ती घेतली तेव्हा बाबांनी किंमत विचारली नाही, ॲव्हरेज विचारलं नाही. कंपनीचं नाव विचारलं, चार दिवसांनी फोन करून म्हणाले, "मी वाचलं तिच्याबद्दल. बंद पडायला आलेल्या कंपनीची गाडी कोण घेतं?"

प्रश्न रास्त होता. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

एलीस पहिल्यांदा १९९६ साली विक्रीला आली, माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी. तेव्हा तिचं वजन होतं ७२५ किलो. आपली वॅगन-आर याहून जड आहे. माझी दुसऱ्या आवृत्तीतली, त्यामुळे थोडी भरलेली, तरी आठशेच्या आतच. दोन सीटा, त्यांच्या मागे आडवं बसवलेलं १.८ लिटरचं इंजिन, शक्ती १२० एचपीच्या आसपास. म्हणजे आज पुण्यात ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या एखाद्या एसयूव्हीइतकीच. पण ओढायला अर्धंच ओझं. पॉवर स्टिअरिंग नाही, कारण पुढच्या चाकांवर पॉवर स्टिअरिंग लागावं इतकं वजनच नाही. रस्त्यावरचा प्रत्येक खडा तळहाताला कळतो. आत बसल्यावर डोकं शेजारच्या ट्रकच्या चाकाच्या उंचीला येतं. आई पहिल्यांदा फोटो बघून म्हणाली होती, "यात बसायचं असतं की झोपायचं?"

मी मूळचा मेकॅनिकलचा. मूळचा म्हणजे पदवीपुरता. शेवटच्या वर्षी कॅम्पसला एक आयटी कंपनी आली आणि आमच्या वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं एका दिवसात उचलून घेऊन गेली. त्यात मी होतो. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स आणि मशीन डिझाइन शिकून मी पैशाच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर लिहायला लागलो, आणि तेच करत इथे आलो. तक्रार नाही, काम आवडतं. पण हात काळे होतील असं काही मी पदवीनंतर केलंच नव्हतं. वर्कशॉपच्या तासाला फाइलिंग करून बनवलेला लोखंडी जॉब अजून पुण्याच्या घरी दार अडवायला वापरतात. माझ्या मेकॅनिकल कारकिर्दीची ती एकमेव खूण.

गाडी ज्यांच्याकडून घेतली ते एक निवृत्त शिक्षक. त्यांनी माझी मुलाखत घेतली, स्थळ म्हणून आलेल्या मुलाची घेतात तशी. गाडी कुठे उभी करणार, सुरू केल्यावर इंजिन गरम व्हायला किती वेळ देणार, स्वतः पाना हातात धरतोस का. शेवटच्या प्रश्नाला मी जरा वाढवून उत्तर दिलं. मग त्यांनी दोन जाड फायली आणल्या. एकवीस वर्षांतली प्रत्येक पावती त्यात होती, अगदी वायपरच्या पात्याचीसुद्धा, आणि समासात पेन्सिलीनं बारीक नोंदी. किल्ली देताना ते फारसे हलले नाहीत. फायली देताना मात्र त्यांचा हात थोडा रेंगाळला.

आता लोटसबद्दल. कॉलिन चॅपमन नावाच्या तरुण इंजिनिअरनं १९४८ साली एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर स्वतःची गाडी बांधली आणि १९५२ मध्ये कंपनी काढली. वजन कमी करा, हा त्याचा सगळा धर्म. फॉर्म्युला वनमध्ये त्याच्या संघानं सात वेळा उत्पादकांचं विजेतेपद घेतलं. १९६६ साली कंपनी हेथेलला आली, दुसऱ्या महायुद्धातल्या एका विमानतळावर. अमेरिकी बॉम्बफेकी विमानं जिथून उडायची त्या धावपट्ट्यांचा चाचणीचा ट्रॅक झाला. शर्यती जिंकणं आणि पैसे मिळवणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे मात्र त्या जागेला कायम सोसावं लागलं. १९८२ च्या डिसेंबरात चॅपमन हृदयविकारानं गेला, वय ५४. तेव्हा डिलोरियन गाडीच्या पैशांची चौकशी दारात उभी होती. १९८६ मध्ये जनरल मोटर्सनं कंपनी घेतली. १९९३ मध्ये बुगाटी चालवणाऱ्या रोमानो आर्तिओलींना विकली. १९९५ मध्ये त्यांची बुगाटीच बुडाली. १९९६ मध्ये मलेशियाची प्रोटॉन आली, २०१७ मध्ये चीनची गीली. कंपनीचा इतिहास वाचताना मला भाड्याच्या घरांचा इतिहास वाचल्यासारखं वाटतं. दर काही वर्षांनी सामान बांधायचं, नवा मालक, नव्या अटी, आणि मधल्या काळात जे काही निर्माण होईल ते.

एलीस अशाच मधल्या काळातली. तिचं नाव आर्तिओलींच्या नातीवरून आहे, एलिसा. १९९५ च्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गाडीवरचं कापड काढलं तेव्हा आत ती चिमुरडी बसलेली होती. आजोबांकडून कंपनी वर्षभरात गेली, नाव राहिलं. २०२१ च्या अखेरीस एलीस बनणं थांबलं तोवर अशा ३५ हजारांहून थोड्या जास्त गाड्या झाल्या होत्या. पंचवीस वर्षांत! पिंपरी-चाकणच्या हिशेबात एवढ्या गाड्या म्हणजे काही आठवड्यांचं काम.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं, त्यांनी "हं" केलं. त्यांना रस आला तो चॅसीत.

गाडीचा सांगाडा साधारणपणे पोलादी पत्रा प्रेसखाली दाबून बनवतात. त्यासाठी लागणाऱ्या प्रेस टूलचा खर्च प्रचंड असतो. लाखो गाड्या काढणार असाल तर तो खर्च वाटला जातो. वर्षाला हजार-दोन हजार गाड्या काढणाऱ्यानं तो करायचा कुठून? हेथेलच्या लोकांनी ॲल्युमिनियमचं एक्स्ट्रूजन वापरायचं ठरवलं. चकलीच्या सोऱ्यातून शेव पडते तसं गरम ॲल्युमिनियम डायमधून दाबून बाहेर काढायचं. ताटली बदलली की आकार बदलतो. या डाय प्रेस टूलच्या मानानं अगदी स्वस्त. डेन्मार्कमधल्या हायड्रोच्या कारखान्यात असे लांब पोकळ दांडे काढायचे, कापायचे, आणि एकमेकांना चिकटवायचे. वेल्डिंग नाही. एपॉक्सी लावून भट्टीत भाजायचं. वेल्डिंगच्या उष्णतेनं ॲल्युमिनियम सांध्यापाशी कमजोर होतं, म्हणून वेल्डिंग धरून पत्रा जाड घ्यावा लागतो. चिकटवायचं म्हटलं की पातळ चालतो. संपूर्ण चॅसी ६८ किलोची. बाबांच्या वजनापेक्षा कमी, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

"आणि तो डिंक सुटला तर?"

हा मला आलेला पहिला खरा इंजिनिअरिंगचा प्रश्न, पदवीनंतरचा. मी वाचून ठेवलं होतं. चिकटवलेला भाग सरकवून तोडायला गेलात तर एपॉक्सी सहसा दाद देत नाही, पण एका टोकाकडून सोलत गेलात तर हरतं. म्हणून जिथे सोलण्याची सुरुवात होऊ शकते तिथे स्क्रू मारलेत. स्क्रूंचं काम गाडी धरून ठेवण्याचं नाही, सुरुवात होऊ न देण्याचं आहे.

फोनवर थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "पैसे असते तर त्यांनी पत्राच दाबला असता."

इंजिन लोटसचं नाही. स्वतःचं इंजिन विकसित करणं परवडायचं नाही म्हणून रोव्हरचं के-सिरीज घेतलं. लोटसमध्ये हे जुनंच. कोट्यवधींची स्वप्नं दाखवणाऱ्या एस्प्रीच्या दाराला मॉरिस मरीना नावाच्या साध्यासुध्या गाडीच्या मुठी होत्या. तर, के-सिरीज हे हलकं आणि फार हुशार इंजिन आहे. वरच्या हेडपासून तळाच्या चौकटीपर्यंत दहा लांब बोल्ट आरपार जातात आणि सगळं थराथरानं आवळून धरतात. अडचण अशी की लहान इंजिन म्हणून सुरू झालेलं हे डिझाइन वाढवत १.८ लिटरपर्यंत नेलं. आत पाणी कमी, भिंती पातळ, आणि तापमानातल्या चढउतारात हेडच्या गॅस्केटवर ताण. या इंजिनाच्या गॅस्केटची कीर्ती सगळ्या ब्रिटनमध्ये आहे. माझ्या गाडीत आधीच्या मालकांनी ते वेळेवर बदलून मजबूत प्रकारचं घातलंय, फायलीत पावती आहे, आणि माझ्या हातात ते आजवर गेलेलं नाही. तरी रोज सकाळी मी झाकण काढून कूलंटची पातळी बघतो. आई दुधावर लक्ष ठेवते तसं.

या रोव्हरची आणि आमच्या घराची एक बारीकशी ओळख निघाली. २००३ साली एमजी रोव्हरनं सिटीरोव्हर नावाची छोटी गाडी ब्रिटनमध्ये विकायला काढली. ती म्हणजे टाटांची इंडिका, पुण्यात बनलेली. एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हर कोसळली, बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिजमधल्या सुमारे ६ हजार लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि सिटीरोव्हरही संपली. पुढे फिरत फिरत 'रोव्हर' हे नाव जग्वार लँड रोव्हरबरोबर २००८ मध्ये टाटांकडेच आलं. म्हणजे माझं इंजिन ज्यांनी बनवलं ती कंपनी नाही, पण तिचं नाव मुंबईच्या मालकाच्या कपाटात आहे. बाबांना हे आधीच माहीत होतं. भोसरीच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये तेव्हा चर्चा व्हायची म्हणे, आपल्या गाड्या आता विलायतेला निघाल्या. "मग तिकडची कंपनीच गेली," ते म्हणाले. या वाक्यातला 'मग' त्यांनी फार ओळखीनं उच्चारला.

कारण त्यांचीही गेली होती. भोसरी एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये ते टूलरूमला होते. जिग, फिक्स्चर, लहान डाय. मालकासकट पंचवीसेक माणसं. २००८ च्या दिवाळीनंतर मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरी आटल्या आणि २००९ च्या उन्हाळ्यात शटर खाली आलं. मी बारा वर्षांचा होतो. शेवटच्या तीन महिन्यांचा पगार आलाच नाही. मालक वाईट माणूस नव्हता असं बाबा अजून सांगतात, मला ते कधी पटलेलं नाही. शेवटच्या दिवशी त्यानं सगळ्यांना सांगितलं की बँकेची माणसं यायच्या आत ज्याला जे हवं ते उचला. बाबांनी त्यांचं रोजच्या वापरातलं जपानी व्हर्नियर आणलं. लाकडी पेटीत, तेल लावलेल्या कागदात गुंडाळलेलं. आई खूप चिडली होती. शेजारच्या काकांनी ड्रिल मशीन आणलं होतं, ते विकता तरी आलं. त्यानंतर बाबांनी एका मोठ्या कंपनीत कंत्राटी म्हणून तपासणीचं काम केलं, निवृत्तीपर्यंत. तिथे मोजायला डिजिटल यंत्रं होती. व्हर्नियर कपाटात राहिलं. मी मेकॅनिकलला गेलो तेव्हा काढून देतील असं वाटलं होतं. मी आयटीत गेलो तेव्हा त्या गोष्टीचा विषयच राहिला नाही. ते कधी काही बोलले नाहीत, उलट पेढे वाटले. पण पेढे आणताना त्यांनी चितळ्यांच्या रांगेत उभं राहून कुणाला काय सांगितलं असेल याचा मी कधीकधी विचार करतो.

गाडी चालवण्याबद्दल मी फार लिहीत नाहीये, कारण ते लिहून कळत नाही आणि त्यावर लिहिणारे चिक्कार आहेत. मालकीबद्दल लिहितो. अशा गाडीची मालकी म्हणजे बऱ्याच अंशी माणसांची ओळख. मोठ्या कंपनीच्या गाडीला काही झालं की तुम्ही सर्व्हिस सेंटरला जाता, काउंटरवर नंबर मिळतो. इथे कुठला बोल्ट गंजतो, कुठला सुटा भाग कुठल्या दुसऱ्या गाडीचा चालतो, कुठली नळी कुणाकडे बनवून मिळते, हे ज्ञान लोकांच्या डोक्यात आहे. आमच्या कामात जुना कोड असतो तसंच. लिहिणारा सोडून गेलेला, कागदपत्रं अर्धवट, आणि कोपऱ्यात बसणारी एक बाई जिला सगळं माहीत असतं. ती रजेवर गेली की ऑफिस घाबरतं.

गेल्या हिवाळ्यात मी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मागे घेताना एका बुटक्या खांबावर गाडी घातली. चूक शंभर टक्के माझी. मागचं काहीच दिसत नाही हे माहीत असून घाई केली. एलीसचं मागचं सगळं अंग म्हणजे फायबरग्लासचा एकच मोठा तुकडा आहे, पुढचंही तसंच. बंपर बदलला आणि झालं, अशी सोय नाही. तडा वीतभर होता. एका दुकानानं पूर्ण नवा तुकडा घालायचा जो आकडा सांगितला तो ऐकून मी घरापर्यंत चालत आलो. मग फायलीतल्या समासातल्या पेन्सिलीच्या नोंदीवरून एक माणूस सापडला. विंडमजवळच्या एका शेतातल्या शेडमध्ये एकटाच काम करतो, पूर्वी हेथेललाच बॉडी शॉपमध्ये होता. त्यानं तडा बघितला, आतून हात फिरवला, आणि इथे थर एकावर एक कसे दिलेले आहेत ते न बघता सांगितलं. मला एक तुकडा स्वतः घासायला लावला. आठ दिवस अंग खाजत होतं. किंमत मूळ आकड्याच्या पाचव्या हिश्शाला आली आणि डाग आज शोधून सापडत नाही. मला सापडतो.

या माणसाबद्दल मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा इंग्लंडला यायची गोष्ट काढली. तोवर दोन वर्षं मी मागे लागलो होतो आणि ते गुडघे पुढे करत होते.

ऑगस्टमध्ये आई-बाबा आले. बॅगेत चिवडा, भाजणी, मेतकूट, आणि आईच्या साड्यांच्या मध्ये लाकडी पेटी. "हे कशाला?" मी विचारलं. "असू दे," बाबा म्हणाले. तो विषय तिथेच थांबला.

गाडीत बसणं हा त्यांच्यासाठी प्रकल्पच होता. चॅसीच्या दोन्ही बाजूंचे दांडे जाड आहेत, त्यामुळे दार उघडल्यावर आधी रुंद उंबरठा येतो. त्यावर बसायचं, पाय एकेक करून आत घ्यायचे, मग खाली घसरायचं. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी ते केलं, दोन वेळा "आई गं" म्हणत. बसल्यावर मात्र बाहेर बघितलंच नाही. पायाशी उघडं ॲल्युमिनियम दिसतं, त्यावर त्यांनी अंगठा फिरवायला सुरुवात केली. सांध्यापाशी डिंकाची बारीक रेघ बाहेर आलेली असते, ती नखानं चाचपली. पेडलसुद्धा एक्स्ट्रूजनचे आहेत हे त्यांनीच मला दाखवलं. एका बाजूनं बघितलं की दांडा कापून पेडल काढल्याचं कळतं. दोन वर्षं मी त्यांच्यावर पाय ठेवत होतो.

पुढच्या शनिवारी ब्रेक बघायचे होते. मी जॅक सरकवला आणि बाबा ओरडले, "थांब! कुठे लावतोयस?" जागा बरोबर होती, पण खाली लाकडाचा ठोकळा नव्हता. तो येईपर्यंत त्यांनी मला हँडलला हात लावू दिला नाही. चाक काढलं. ब्रेकच्या डिस्कला किमान जाडी ठरलेली असते, तिच्याखाली गेली की बदलायची. मी माझं पंचवीस पौंडांचं डिजिटल कॅलिपर लावलं, आकडा वाचला, आणि समाधानानं म्हणालो, अजून बरीच आहे.

"बघू," म्हणत त्यांनी डिस्कच्या कडेवरून बोट फिरवलं. "ही कड बघ. पॅड इथवर पोचत नाही, म्हणून इथे धातू झिजलेला नाही. तू कडेची जाडी मोजलीस. झीज आत आहे."

मग आत गेले आणि पेटी घेऊन आले. कागद उलगडला, आणि पॅंटच्या खिशातून एक-एक रुपयाची दोन नाणी काढली. पुण्याहून तशीच आलेली. आधी दोन्ही नाण्यांची मिळून जाडी घेतली. मग एक नाणं डिस्कच्या या बाजूला, एक त्या बाजूला, कडेच्या आत, झिजलेल्या भागावर धरायला लावलं. वरून व्हर्नियरचे जबडे आले. कड मोकळी राहिली. आकड्यातून नाणी वजा. माझ्या आकड्यापेक्षा एक मिलिमीटरहून थोडं कमी आलं. डिस्क अजून चालणार होती, पण मी म्हणत होतो तितकी नाही. चारही चाकांना त्यांनी ते केलं, प्रत्येक डिस्कवर तीन ठिकाणी, आणि आकडे मला लिहायला सांगितले. मी फोन काढला तर म्हणाले, "कागदावर." शिक्षकांच्या फायलीत आता एक पान देवनागरी आकड्यांचं आहे.

त्याच सुमारास बातमी आली की लोटस ब्रिटनमधल्या साडेपाचशेपर्यंत नोकऱ्या कमी करणार. मी ती बाबांना सांगितली नव्हती. त्यांनी टीव्हीवर बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "ती कंपनी दाखव."

ए-११ नं थेटफर्डचं जंगल ओलांडून आम्ही निघालो. छप्पर काढलं होतं, त्यामुळे बोलणं शक्य नव्हतं, आणि ते बरंच होतं. विंडमनंतर रस्ते अरुंद होत जातात, दोन्हीकडे कुंपणाची झाडं, बिटाची शेतं. मग अचानक सपाट मोकळी जागा, वाऱ्याला अडवायला काही नाही, आणि बैठ्या शेड. बाबांना याहून मोठं काहीतरी अपेक्षित होतं. "एवढीच?" त्यांनी विचारलं. आत जायचं कारण आमच्याकडे नव्हतं. फाटकाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला थांबलो. चाचणीच्या ट्रॅकवर कुठलीतरी गाडी फिरत होती, आवाज यायचा आणि जायचा. एक माणूस गळ्यात ओळखपत्र घालून बाहेर आला, आमची गाडी बघून हात वर केला, सायकलवर बसून निघून गेला.

बाबा पार्किंगकडे बघत होते. मला वाटलं, गाड्या बघतायत. थोड्या वेळानं म्हणाले, "निम्मं रिकामं आहे." मग, "शनिवार आहे ना आज?" मी म्हटलं, नाही, गुरुवार. त्यावर ते काही बोलले नाहीत.

परत येताना विंडमला चहा घेतला. तिथे मी त्यांना विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, की त्या तीन महिन्यांच्या पगारासाठी तुम्ही भांडला का नाहीत. कपात साखर ढवळत म्हणाले, "भांडलो ना. चार वेळा गेलो होतो त्याच्या घरी. चौथ्यांदा त्याच्या बायकोनं चहा दिला आणि तिचा हात थरथरत होता. मग नाही गेलो." आईला हे माहीत आहे का, विचारलं. "नाही. तुलाही माहीत नव्हतं."

मग मी तेही सांगून टाकलं, की आमच्या ऑफिसातही नावांची यादी फिरतेय आणि माझ्या टीममधली दोन माणसं गेलीत. त्यांनी मान हलवली. सॉफ्टवेअरवाल्याला कुठेही काम मिळतं, हे वाक्य आलं नाही. "गाडीचे हप्ते आहेत का?" एवढंच विचारलं. नाहीत म्हटल्यावर, "मग ठेव," म्हणाले, आणि बिस्किट चहात बुडवलं.

सप्टेंबरच्या अखेरीस ते परत गेले. व्हर्नियर मला ठेवायला देतील असं मी मनात धरलं होतं. नाही दिलं. पेटी साड्यांच्या मध्ये जशी आली तशी गेली. पानांच्या डब्यात दोन नाणी मात्र राहिली, मास्किंग टेपच्या तुकड्याला चिकटवलेली, टेपवर पेननं जाडी लिहिलेली.

परवा थंडीच्या आधीचं काम म्हणून पुन्हा चाकं काढली. रविवारी फोन आला. जेवलास का, कंपनी चालू आहे ना. चालू आहे, म्हटलं. पुढच्या डाव्या डिस्कचा आकडा सांगितला.

"नाणी वजा केलीस का?"

"केली."

"दोन्ही?"